सोलापूरचं नाव, श्टुटगार्टची टपालपेटी

जून लागला की सोलापुरात आमच्या विजापूर रोडच्या घरी संध्याकाळी पाहुणे वाढतात. कुणाच्या तरी ओळखीनं आलेले आई-वडील आणि त्यांच्यामागे मोबाइलमध्ये डोकं घातलेला मुलगा किंवा मुलगी. "अक्का, पोरगं ऑक्टोबरला जर्मनीला चाललंय, जरा सांगा की." प्रश्न ठरलेले असतात. थंडी किती, शाकाहारी मिळतं का, शेंगाची चटणी नेऊ देतात का. चटणी नेऊ देतात, कडक भाकरीही. तूप, पेढे, खवा मात्र नाही, कारण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. कढीपत्ताही राहू द्या. एवढं सांगून झालं की मी विचारते, "दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि पासपोर्टवर नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का?" आणि खोली शांत होते.

मी बारा वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये होते. तेवढ्या काळात कोर्टाची पायरी चढावी लागली नाही, पोलिसांशी बोलणं आलं ते हरवलेल्या सायकलीपुरतं. झोप उडवली ती कागदांनी: नावातल्या एका अक्षरानं, न उघडलेल्या पाकिटानं, सोलापुरातच राहिलेल्या एका दाखल्यानं. २०२४च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं श्टुटगार्ट ज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून एम.एस.ला जाणाऱ्यांबरोबर नर्सिंग झालेल्या मुली आणि इलेक्ट्रिशियन मुलंही विचारायला येतात. त्या सगळ्यांना तोंडी सांगते ते इथे क्रमानं लिहिते. रकमा आणि मुदती बदलत राहतात, म्हणून निघण्याच्या महिन्यात त्या सरकारी संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.

आधी नाव

आपल्याकडे नाव तीन शब्दांचं. बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि उरलेले दोन शब्द एकत्र 'दिलेलं नाव' म्हणून. जर्मन कार्यालयाला मधलं नाव हा प्रकारच ठाऊक नाही. त्यामुळे वडिलांचं नावही तुमचंच पहिलं नाव ठरतं आणि पुढे बँक, विमा, पगारपत्रक सगळीकडे ते तसंच उमटतं. मला वर्षभर डॉक्टरांकडे सासऱ्यांच्या मुलाच्या नावानं हाक मारत होते. त्यात गंमत आहे, नुकसान नाही. पासपोर्टवर जे आहे तेच सगळीकडे लिहा, कुठेही स्वतःच्या मनानं आखडू नका.

नुकसान होतं ते स्पेलिंगच्या फरकानं. सोलापुरात हे जास्त, कारण इथे तेलुगु, कन्नड, मराठी, उर्दू अशा चार भाषांतून नावं इंग्रजीत उतरतात. तेलुगु घरात वडिलांनी 'त' साठी टीएच लिहिलेलं, मराठी शाळेतल्या गुरुजींनी नुसता टी. कुठे शेवटी व्ही, कुठे डब्ल्यू. इथल्या कारकुनाला दोन्ही एकच वाटतात. तिकडच्या कारकुनासाठी ती दोन माणसं असतात.

तर पहिलं काम हे: जन्मदाखला, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, पदवी, आधार, पॅन, पासपोर्ट, लग्न झालं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला, हे सगळं जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि एक एक अक्षर बोटानं वाचा. फरक सापडला की पासपोर्ट आणि पदवी हे दोन कागद प्रमाण माना आणि बाकीचे त्यांच्याकडे वळवा. पदवीतच चूक असेल तर विद्यापीठाकडे अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ जातो, म्हणून हे सहा महिने आधी. जन्मदाखल्यात बाळाचं नावच नसतं, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' असतं, असे जुने दाखले पुष्कळ घरांत निघतात. महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात जाऊन ते काम आत्ताच करून घ्या. तुम्ही तिकडे गेल्यावर वडिलांना त्यासाठी हेलपाटे घालायला लावू नका.

मुलींसाठी एक वेगळी सूचना, माझ्या स्वतःच्या चुकीतून आलेली. लग्न झाल्या झाल्या मी हौसेनं पासपोर्टवर आडनाव आणि मधलं नाव दोन्ही बदलून घेतलं. पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा. तिकडे पदवीची मान्यता घेताना ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे पटवायला पाच महिने गेले. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती नाही. जोडीदाराचं नाव जोडायचं तर तेही आडनाव न बदलता जमतं. व्हिसाच्या वर्षात पासपोर्टला हात लावू नका.

निघण्याआधी सोलापुरात

नवीन पासपोर्टसाठी आता पुण्याला जावं लागत नाही. सोलापुरात टपाल खात्याच्या जागेत पासपोर्ट सेवा केंद्र आहे, ते पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतं. विद्यार्थ्यांना दिल्लीच्या एपीएस या शैक्षणिक कागद तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं. १ नोव्हेंबर २०२२पासून त्याशिवाय विद्यार्थी व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. शिवाय वर्षाच्या खर्चाची रक्कम गोठवलेल्या खात्यात दाखवावी लागते, २०२४च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. खातं गोठवलेलं म्हणजे पैसे तुमचेच, पण दर महिन्याला तेवढेच हाती येतात.

आता अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून एका आंतरराष्ट्रीय करारानुसार मारला जाणारा शिक्का. नव्या पेठेपासून सात रस्त्यापर्यंत कुणी ना कुणी सांगतंच की सगळ्या कागदांवर अपोस्टिलचा शिक्का मारून घ्या, तेवढं केलं की जगभर चालतं. भारत २००५ साली त्या करारात गेला हे खरं. पण जर्मनीनं भारताच्या प्रवेशाला आक्षेप घेतलेला आहे, त्यामुळे भारतीय कागदावरचा तो शिक्का जर्मन कार्यालयाला बंधनकारक नाही. आखाती देश किंवा अमेरिकेबद्दल ऐकलेलं जर्मनीला लावू नका आणि त्यासाठी एजंटाला हजारो रुपये देऊ नका. जर्मन कार्यालयाला शंका आलीच तर ते जर्मन वकिलातीमार्फत कागदाची पडताळणी करून घेतं. वकिलातीनं नेमलेला वकील खरोखर सोलापूरच्या कार्यालयात येऊन नोंदवही पाहतो, याला काही महिने लागतात आणि खर्च तुमचा. म्हणून शिक्क्यापेक्षा नोंदवहीतली नोंद बरोबर असणं महत्त्वाचं. भाषांतर लागलं तर तिकडच्या न्यायालयानं शपथ दिलेल्या भाषांतरकाराकडूनच करून घ्यावं लागतं.

वाहन परवाना असेल तर सोलापूरच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. जर्मनीत राहायला लागल्यापासून सहा महिनेच तो आणि आपला परवाना चालतो. मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. 'एमएच १३'वर पंधरा वर्षं चालवलंय हे तिथं कुणी ऐकत नाही.

भारतीय सिमकार्ड चालू ठेवा. बँकेचा, आधारचा, आयकराचा प्रत्येक ओटीपी त्याच नंबरवर येतो. सिम बंद पडलं की सोलापूरला येईपर्यंत स्वतःच्या खात्याबाहेर उभं राहायची पाळी येते.

पहिले चौदा दिवस

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा. याला आनमेल्डुंग म्हणतात. बाकी सगळं यावर उभं आहे. यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो, 'हा माणूस माझ्याकडे अमुक तारखेपासून राहतो' असा. नुसता भाडेकरार चालत नाही. मित्राकडे चार दिवस सोफ्यावर राहणारी मुलं इथेच अडकतात. घर ठरवतानाच विचारा, नोंदणीसाठी तो कागद मिळेल का? 'नोंदणी होणार नाही' असं म्हणणाऱ्याचं घर स्वस्त असलं तरी सोडून द्या.

अर्जात धर्माचा रकाना असतो. चर्चची नोंद असलेल्या ख्रिस्ती माणसाच्या आयकरावर बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८ टक्के चर्चकर लागतो, बहुतेक इतर राज्यांत ९ टक्के. हिंदू, मुस्लिम, जैन यांना तो लागत नाही. सोलापुरातून गेलेल्या आमच्या एका ख्रिस्ती शेजाऱ्याला हे पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर कळलं. भरायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण पेन हातात घेण्याआधी माहीत असावं.

नोंदणी झाली की काही आठवड्यांत अकरा आकडी करक्रमांक टपालानं येतो. तो जन्मभराचा असतो, घर किंवा शहर बदललं तरी बदलत नाही. आरोग्य विमा सक्तीचा, तो नसेल तर विद्यापीठ प्रवेशही देत नाही. आणि नोंदणीनंतर काही आठवड्यांनी दर घरामागे महिना १८.३६ युरो मागणारं पत्र येतं, रेडिओ-टीव्हीच्या सार्वजनिक वर्गणीचं. "आमच्याकडे टीव्हीच नाही" असं लिहून उपयोग होत नाही. एका घरात तिघं राहत असाल तर वर्गणी एकच असते, तेवढं मात्र कळवा.

आणि हो, टपालपेटीवर स्वतःचं नाव चिकटवा. जर्मनीत फ्लॅट क्रमांक नसतो, पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं.

पाकीट उघडा

सोलापुरात महत्त्वाचं काम असेल तर माणूस फोन करतो, नाही तर कुणाला तरी घरी पाठवतो. तिकडे पत्र येतं. मैत्रीचं, धमकीचं, सरकारी, खासगी, सगळं एकाच पांढऱ्या पाकिटात आणि किचकट जर्मनमध्ये. नवीन मुलं ती फ्रिजवर साठवत जातात. पुढचे सगळे घोटाळे इथून सुरू होतात.

सरकारी निर्णय मान्य नसेल तर हरकत घ्यायला बहुधा एक महिना मिळतो आणि तो तुम्ही पाकीट उघडल्यापासून मोजत नाहीत. २०२५पासून साध्या टपालानं पाठवलेलं सरकारी पत्र टाकल्यानंतर चौथ्या दिवशी पोचलं असं कायदा धरून चालतो. पाकीट पिवळं असेल तर आणखी सावध व्हा. त्यावर पोस्टमननं हातानं तारीख लिहिलेली असते, मुदत त्या तारखेपासून सुरू. ते पाकीट फेकू नका, पत्राइतकंच ते महत्त्वाचं.

पिवळ्या पाकिटात कधी कोर्टाचा वसुलीचा आदेश असतो. इथे एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: हा आदेश काढताना कोर्ट मागणी खरी की खोटी हे तपासतच नाही. दोन आठवड्यांच्या आत सोबतच्या छापील अर्जावर खूण करून 'मला मान्य नाही' एवढं कळवलं की मागणाऱ्याला ती सिद्ध करावी लागते. गप्प बसलात तर मागणी पक्की होते. आमच्या ओळखीच्या एका मुलानं अर्धवट सोडलेल्या व्यायामशाळेच्या पैशांसाठी आलेला असा आदेश 'फसवणूक असेल' म्हणून ठेवून दिला होता. पुढे बँक खातंच गोठलं.

दुसरं नेहमीचं पत्र वकिलाचं. मराठी सिनेमा फुकट उतरवून घ्यायची सवय इथून घेऊन गेलेल्या मुलांना ते येतं. टॉरेंटवर आपण उतरवताना तोच सिनेमा इतरांना वाटतही असतो, आणि हक्कधारकाचे वकील इंटरनेटच्या पत्त्यावरून घर शोधून काढतात. मागणी शेकडो युरोंची. सोबत एक हमीपत्र असतं, 'पुन्हा करणार नाही' असं. ते जसंच्या तसं सही करून पाठवू नका, त्यातला शब्द जन्मभर बांधून ठेवू शकतो. पत्र घेऊन ग्राहक सल्ला केंद्रात जा, तिथली फी वकिलाच्या मानानं थोडी असते. भाड्याच्या भांडणांसाठी भाडेकरू संघ असतात, वर्षाची वर्गणी भरली की सल्ला मिळतो.

माझी पद्धत साधी होती. दर शनिवारी सकाळी चहा झाला की पेटी रिकामी करायची, प्रत्येक पत्रावर आल्याची तारीख पेन्सिलनं टाकायची, शेवटची मुदत कॅलेंडरवर लिहायची, पत्र फाइलला लावायचं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला यायचे तेव्हा पेटीची किल्ली मैत्रिणीकडे असायची. महिनाभर पेटीकडे कुणी पाहिलंच नाही असं एकदाच झालं. त्या एका महिन्यात वीज कंपनीची दोन स्मरणपत्रं आली आणि वर त्यांचा खर्चही.

घरभाडं

जाहिरातीत दोन भाडी असतात, 'थंड' आणि 'गरम'. थंड म्हणजे नुसत्या जागेचं, गरम म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. अनामत थंड भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्यानंच भाडेकरूला दिलेला आहे. घर न पाहता पैसे मागणारा, 'मी परदेशात आहे, किल्ली टपालानं पाठवतो' म्हणणारा माणूस हमखास ठग.

किल्ली घेताना खोली न् खोली पाहून भिंतीवरचे ओरखडे, नळ, खिडक्या हे सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, फोटो काढा. सोडताना अनामत कापायची वेळ आली की हा कागदच बोलतो. घर सोडायची सूचना तीन महिने आधी, लेखी, हातच्या सहीनं. महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत ती पोचली तर तो महिना धरला जातो. ई-मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. रात्री दहानंतर मिक्सर लावू नका. रविवारी भिंतीत खिळाही ठोकू नका.

व्हिसा आणि नोकरी

पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा थोड्या महिन्यांचा असतो. तो संपण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज जायला हवा. भेटीची वेळ मिळायला दोन-तीन महिने जाऊ शकतात. म्हणून गेल्याबरोबर मागा आणि मागितल्याचा ई-मेल जपून ठेवा. वेळेत अर्ज केला आणि निर्णय लांबला तर ते तात्पुरता कागद देतात, तोवर तुमचं राहणं कायदेशीर. तो हातात असताना भारतात यायचं असेल तर त्यावर परत प्रवेशाची परवानगी आहे का हे कार्यालयात विचारून मगच तिकीट काढा.

विद्यार्थ्यानं वर्षात १४० पूर्ण दिवसांपर्यंत किंवा २८० अर्ध्या दिवसांपर्यंत काम केलं तर परवानगी लागत नाही. मोजदाद तुमची तुम्ही ठेवायची.

नोकरी गेली तर तीन तारखा डोक्यात ठेवा. कळल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयाला कळवणं. काढून टाकणं अन्यायाचं वाटलं तर तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा. आणि निवास परवाना त्या नोकरीशी बांधलेला असेल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयालाही कळवणं. साहेबानं ई-मेलवर काढलं असेल तर ते कायद्यानं काढणं नव्हेच, सहीचा कागद हवा. त्याच वेळी तुम्ही 'राजीखुशीनं सोडतो' असं लिहून देऊ नका. घाबरून तसं लिहिलं की बेकारी भत्ता काही आठवडे अडतो.

आणि एक, ज्यात आपली माणसं भावनेपोटी फसतात. वडील आजारी पडले, मुलगा सोलापूरला आला, दवाखाना, मग दिवस-कार्य, मग आईला एकटं कसं टाकायचं. असं करता करता सहा महिने उलटले तर साधा निवास परवाना आपोआप रद्द होतो. ब्लू कार्डवाल्यांना, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या युरोपीय नोकरी परवान्यावर असलेल्यांना, बारा महिने मिळतात. जास्त राहावं लागणार असं दिसलं की मुदत संपण्याआधीच तिकडच्या कार्यालयाला कारण लिहून जास्त मुदत मागा. आधी मागितली तर बहुधा देतात. नंतर मागून उपयोग नाही.

पैसा: इथला आणि तिथला

इथलं साधं बचत खातं तसंच वापरत राहणं नियमाला धरून नाही. परदेशात स्थायिक व्हायला गेलात की बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथल्या पैशांचं खातं, करायचं. तिकडून पाठवलेल्या पैशांसाठी एनआरई खातं वेगळं उघडायचं. एनआरओवरच्या व्याजातून ३० टक्के आणि वर उपकर असा कर कापला जातो. एनआरईच्या व्याजावर भारतात कर नाही.

यापुढचं मात्र आपले एजंट सांगत नाहीत. जर्मनीत राहणाऱ्यानं जगभरचं उत्पन्न तिथल्या विवरणपत्रात दाखवायचं असतं. त्यामुळे एनआरईचं 'करमुक्त' व्याज भारतापुरतं करमुक्त, जर्मनीत नाही. दोन्ही देशांत खात्यांची माहिती आपसूक पाठवली जाते, तेव्हा लपून राहील या भरवशावर राहू नका. एनआरओच्या व्याजावर इथे कापलेल्या कराचा हिशेब दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार तिकडे मागता येतो, त्यासाठी बँकेचं प्रमाणपत्र दरवर्षी काढून ठेवा.

नोकरीसाठी पहिल्यांदा जात असाल तर तारीख पाहा. एप्रिल ते मार्च या वर्षात भारतात १८२ दिवस भरले तर त्या वर्षापुरते तुम्ही इथले रहिवासी, आणि तिकडचा पगारही इथल्या विवरणपत्रात येतो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याआधी निघालात तर हा प्रश्नच उद्भवत नाही. तारीख हातात असेल तर चार दिवसांनी खूप फरक पडतो.

घर, शेत आणि मुखत्यारपत्र

सोलापूर जिल्ह्यात नोकरदाराच्याही घरी कुठे तरी दोन-चार एकर असतात. अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, फार्महाउसही नाही. वारसानं मात्र मिळू शकते आणि जाण्याआधीची असेल तर ठेवता येते. फ्लॅट किंवा दुकान घ्यायला अडचण नाही. वडिलांमागे वारस नोंद, बहिणीचं हक्कसोडपत्र, सातबाऱ्यावरचं नाव ही कामं वेळेवर करा. तलाठी कार्यालयात "परदेशातल्या भावाची सही कुठंय?" इथेच फाइल वर्षानुवर्षं थांबते.

त्यावर उपाय मुखत्यारपत्र. सोलापूरला सुट्टीवर असतानाच ते इथे नोंदवून ठेवणं सर्वांत सोपं. तिकडूनच करावं लागलं तर जर्मन नोटरीकडे न जाता भारतीय वकिलातीत जा, बाडेन-व्युर्टेम्बर्ग म्युन्शनच्या, म्हणजे म्युनिकच्या, वकिलातीखाली येतं. मजकूर सोलापूरच्या वकिलाकडून आधी ई-मेलवर मागवा, त्यात गट क्रमांक, चतुःसीमा, नेमके अधिकार सगळं हवं. सही घरी करायची नाही, अधिकाऱ्यासमोर करायची. मूळ कागद कुरिअरनं सोलापूरला पोचला की तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांक शुल्क भरायचं. ही मुदत फार जण चुकवतात, कारण कागदावर वकिलातीचा शिक्का पाहून काम झालं असं वाटतं. आई-वडील, भाऊ-बहीण, पती-पत्नी, मुलं यांना मोबदल्याशिवाय दिलं तर शुल्क ५०० रुपये. बाहेरच्या माणसाला मिळकत विकायचे अधिकार दिले तर खरेदीखताइतकं शुल्क लागतं.

माझं मत विचाराल तर सर्वाधिकारी मुखत्यारपत्र सख्ख्या भावालाही देऊ नका. भावावर अविश्वास नाही. पण 'सर्व अधिकार' हा शब्द पाहून उद्या त्याच्यामागे लागणाऱ्यांवर विश्वास कशाला ठेवायचा? एका कामाला एक कागद, मुदत लिहून.

घरचे

विवाह नोंदणीच्या दाखल्यावर दोघांची नावं पासपोर्टप्रमाणेच हवीत. जोडीदाराला बोलावताना सहसा जर्मनची ए-वन ही अगदी पहिल्या पातळीची परीक्षा लागते. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला ती माफ आहे, पण मी म्हणेन पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात जाऊन ती देऊनच या. माफी व्हिसाला मिळते, दुकानदाराशी बोलायला नाही.

मूल तिकडे जन्मलं की आठवड्याभरात नोंदणी कार्यालयाला कळवतात, बहुधा रुग्णालयच कळवतं. मग आई-वडिलांचे जन्मदाखले आणि विवाह दाखला मागितला जातो. इथे ते टेबलावर मांडलेले कागद आठवा. ओळख पुरेशी सिद्ध झाली नाही असं वाटलं तर बाळाच्या नोंदीवर तसा शेरा पडतो. भारतीय वकिलातीत जन्म नोंदवायला एक वर्ष असतं, ते चुकवू नका. आई-वडिलांपैकी एकजण पाच वर्षं कायदेशीर राहत असेल आणि कायम वास्तव्याचा हक्क असेल तर मूल जन्मतः जर्मन नागरिक ठरू शकतं. २०२४च्या जूनपासून जर्मनी दुहेरी नागरिकत्वाला हरकत घेत नाही, भारत घेतो. स्वतः अर्ज करून जर्मन नागरिकत्व घेतलं की त्याच क्षणी भारतीय नागरिकत्व संपतं, मग पासपोर्ट वकिलातीत जमा करून ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं, कार्ड काढावं लागतं. ओसीआयवर मतदान करता येत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तोवर मात्र फॉर्म ६ए भरून सोलापूरच्या मतदारयादीत नाव ठेवता येतं, फक्त मत द्यायला इथे यावं लागतं.

अडचणीत

रुग्णवाहिका आणि आग ११२, पोलीस ११०, रात्री-अपरात्री ताप वगैरे असेल तर डॉक्टरसाठी ११६११७. पोलिसांनी पकडलंच तर वकिलातीला कळवा असं सांगायचा हक्क १९६३च्या व्हिएन्ना करारानं दिलेला आहे. वकिलात तुम्हाला सोडवत नाही. घरी निरोप देते, वकिलांची यादी देते, भेटायला येते. दुभाषा येईपर्यंत न समजलेल्या कागदावर सही करू नका. मृत्यू किंवा मोठा अपघात झाला तर भारतीय समुदाय कल्याण निधीतून गरजूला मदत मिळू शकते. सोलापुरातल्या नातेवाइकांना परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर घरबसल्या तक्रार टाकता येते.

परत येताना

निघण्याआधी आठवडाभर ते निघाल्यानंतर दोन आठवडे, या काळात पत्ता रद्द करायचा. त्याला अबमेल्डुंग म्हणतात. तो एक कागद दाखवून विमा, रेडिओची वर्गणी, इंटरनेटचा करार हे सगळं बंद करून घेता येतं. तो नसेल तर तुम्ही विजापूर रोडवर बसलेले आणि बिलं श्टुटगार्टच्या पेटीत पडत राहतात. बँक खातं मात्र लगेच बंद करू नका, अनामत आणि कराचा परतावा यायचा असतो.

पगारातून पेन्शनची वर्गणी कापली जाते. पाच वर्षांपेक्षा कमी भरली असेल तर युरोप सोडल्यावर दोन वर्षांनी आपला वाटा परत मागता येतो, मालकाचा नाही. पाच वर्षं भरली असतील तर पैसे परत नाहीत, वय झालं की पेन्शन. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार २०१७च्या मेपासून लागू आहे, त्यामुळे ही पेन्शन सोलापुरातल्या खात्यावरही येते. अर्जाला विमा क्रमांक, अबमेल्डुंगचा कागद आणि बँकेची माहिती लागते. बँक खात्यावरचं नाव पेन्शन कार्यालयातल्या नावाशी जुळायला हवं, मधल्या नावासकट. माझ्या एका मैत्रिणीचा अर्ज याच कारणानं परत आला होता: तिकडे तीन शब्द, इथल्या पासबुकावर दोन. बँकेनं पासबुक बदलून दिलं, पण शाखेत तीनदा जावं लागलं.